काचेच्या पेटीतल्या चपला

बाई, तुमच्या चपला काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलंय. हसू नका. परवाच्या शोकसभेत संचालक सरांनी स्वतः जाहीर केलं. म्हणाले, विमलबाईंनी आपल्या क्लासमध्ये इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण एकदाही चप्पल घालून हॉलमध्ये पाय ठेवला नाही, विद्येचा असा मान राखणारी माणसं आता व्हायची नाहीत, तेव्हा त्यांच्या चपला आपण दारातच ठेवू, पोरांना येता-जाता दिसतील अशा. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मी पहिल्या रांगेत ओढणीचा बोळा तोंडात धरून बसले होते. लोकांना वाटलं, शीतल मॅडम रडून राहिल्या. रडत होतेच, पण हसतही होते, आणि दोन्ही एकदम सुरू झालं की श्वास कसा अडकतो ते तुम्हाला मी काय सांगू.

कारण तुम्ही चप्पल कामून काढायचात ते मला माहीत होतं. अख्ख्या लातुरात बहुतेक मला एकटीलाच.

ती पद्धत कशी पडली तेही गमतीचंच आहे. तुम्ही दारात चप्पल काढून आत जायचात, ते पुढच्या बाकावरच्या पोरींनी बघितलं. त्यांनीही काढल्या. मग त्यांच्या मागच्यांनी. नंतरच्या बॅचला कुणी काही सांगावं लागलं नाही. कंधारहून, रेणापूरहून, कुठल्या कुठल्या खेड्यातून पोरं यायची, बापाच्या खांद्यावर ट्रंक, दारातला चपलांचा ढीग बघायची आणि आपलीही काढून त्यात टाकायची. बाप लोक दारातूनच हात जोडायचे. शेवटी संचालकांनी रंगवलेली पाटी लावली, 'कृपया पादत्राणे बाहेर काढावीत'. ती पाटी बघून तुम्ही माझ्या कानात म्हणालात, 'देऊळच करून टाकलं की यांनी माझ्या भीतीचं.' आणि ढीग ओलांडून आत गेलात शिकवायला.

मी तुमच्याकडे आले तेव्हा नवीन होते. कंधारची पोरगी, फिजिक्सची पदवी, आवाज खणखणीत, म्हणून मला मोठा हॉल दिला. मोठा म्हणजे काय, मंगल कार्यालयच ते आधीचं. माइक, पंखे, आणि समोर नजर जाईल तिथपर्यंत पोरं. चप्पल काढायची पद्धत तेव्हा तुमच्या तासापुरतीच होती, मी घालूनच शिकवायचे. त्या दिवशी दुपारची बॅच होती. फळ्यावर घर्षणाचं गणित मांडत होते आणि मधेच माझा हात मला परका वाटायला लागला. बोटांना मुंग्या आल्या. छाती अशी धडधडायला लागली की वाटलं, माइकमधून पोरांना ऐकू जात असणार. हॉलची मागची भिंत लांब लांब चालली. आता मी पडणार, एवढ्या पोरांसमोर पडणार, आणि मग मरणार, असं डोक्यात चाललेलं. मरण्यापेक्षा पडण्याचीच भीती जास्त होती. 'डस्टर घेऊन येते,' म्हणाले आणि बाहेर पडले. डस्टर माझ्या हातातच होतं. पहिल्या बाकावरची एक पोरगी त्या डस्टरकडे बघत राहिली.

हॉलच्या मागच्या बोळात मी भिंत धरून उभी होते. तुम्ही स्टाफरूमकडून येत होता. काय झालं, असं तुम्ही विचारलं नाही. शिपायाला हाक मारली नाही. माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणालात, 'चप्पल काढ.'

'बाई, मला हार्ट अटॅक येऊन राहिला.'

'येऊ दे. चप्पल काढून येऊ दे.'

काढली. खाली शहाबादी फरशी होती.

'काय लागतं पायाला?'

'गार.'

'अजून?'

'कचकच लागतंय. वाळू असंल.'

'हलते का फरशी?'

'न्हाई.'

'नीट बघ. हलते का?'

'न्हाई हलत, बाई.'

'मग जमीन जाग्यावर हाय. छातीच हलून राहिली फक्त. हलू दे तिला, दमंल ती. तू श्वास हळू सोड. घ्यायची घाई करू नको, सोडायचा बघ.'

तुम्ही माझा हात धरला नाहीत. पाठीवरून हात फिरवला नाहीत. फक्त शेजारी उभ्या राहिलात, अनवाणी, आणि स्वतःही तसाच श्वास सोडत राहिलात. ते चढलं, माथ्यावर गेलं, आणि मग घाटातून एस्टी उतरते तसं कुरकुरत उतरलं. मला वाटलं आता तुम्ही रिक्षा बोलावून मला घरी पाठवाल. तर म्हणालात, 'जा आता आत.'

'आत्ता?'

'आत्ताच. आज घरी गेलीस तर उद्या हा हॉल अजून मोठा व्हईल.'

मी आत गेले. गणित अर्धं लिहिलेलं होतं, ते पुरं केलं. चपला बोळातच राहिल्या होत्या.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये आपण दोघीच होतो. तुम्ही उत्तरपत्रिका तपासता तपासता, मान वर न करता सांगितलंत. 'पॅनिक अटॅक म्हणतात त्याला. जीव जात न्हाई त्यानं, फक्त जातोय असं वाटतं. मला भूकंपापासून हाय.' तुमचं गाव किल्लारीच्या अंगाचं, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. दगड-मातीचं घर, वर मातीच्या छताचं माळवद, आई आणि धाकटी बहीण आत राहिल्या, तुम्ही तेवढ्या बाहेर होता. एवढंच. एका दमात सांगितलंत आणि पुढची उत्तरपत्रिका ओढलीत. मग म्हणालात, त्यानंतर कितीतरी दिवस जमीन मधूनमधून थरथरायची, आणि नंतर ती थांबली तरी अंग थांबलं नाही. 'मला कळंनाच, जमीन हलते का मी हलते. वर्गात उभी असले की वाटायचं, आलाच. पोरांना बाहेर काढू का? ओरडू का? चप्पल असली की कळत न्हाई. अनवाणी उभं राहिलं की पाय सांगतात.'

आणि टेबलावरचा तो स्टीलचा पेला. काठोकाठ भरलेला, पण तुम्ही त्यातलं पाणी कधी पीत नव्हता. पोरं म्हणायची, बाईंचा कसला तरी नेम आहे. नेम कसला डोंबलाचा. पाणी स्थिर आहे, म्हणजे जमीन स्थिर आहे, म्हणजे कुणाला पळायची गरज नाही. एवढं बघायला तुम्ही तो पेला ठेवायचात.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तुमच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तुम्ही मूत्रपिंड शिकवत होता. आधीही कितीदा तुमचा तास दारातून ऐकला होता, पण त्या दिवशी मी तुमचे पाय बघत होते. आणि मधेच, वाक्याच्या मध्येच, तुमच्या पायांची बोटं पसरली. फरशी धरल्यासारखी. नजर एकदा पेल्याकडे गेली. ओठ किंचित पांढरे पडले. आणि तुम्ही काय केलंत? तुम्ही आवाज थोडा खाली आणला आणि म्हणालात, 'मूत्रपिंड लई शहाणा अवयव हाय पोरांनो. आलेलं सगळं आत घेतो, पण ठिवून घेत न्हाई. कामाचं तेवढं ठिवतो, बाकीचं जाऊ देतो.' पोरं हसली. तुम्ही फळ्याकडे वळलात आणि आकृती काढायला लागलात, सावकाश, एक एक नळी. तुमचा पदर पाठीवर घामानं चिकटला होता. पोरं वह्यांत तुमच्याबरोबर आकृती काढत होती आणि त्यांना वाटत होतं, बाई किती निवांत शिकवतात.

माझ्या अंगावर काटा आला, बाई. आत्ता लिहितानाही येतोय. ज्या बाईला मनातून वाटतंय की छत आता खाली येणार, ती बाई छताखाली उभी राहून एवढ्या पोरांना मूत्रपिंड समजावून सांगते, आणि एकालाही कळू देत नाही. हे एकदा नाही. आधीच्या सगळ्या वर्षांत, असेच तास, असेच पाय. शूर माणूस म्हटलं की आपल्याला घोड्यावर बसलेलंच कुणीतरी दिसतं. मला त्या दिवसापासून चष्मा घातलेली, पांढरी किनार असलेली सुती साडी नेसलेली, खडूनं हात माखलेली एक बाई दिसते.

पण तुम्ही मला तेवढ्यावर सोडलं नाहीत. 'फरशी हे काय औषध न्हाई,' म्हणालात. 'फरशी त्या वेळेपुरती. डॉक्टर तो डॉक्टर.' आणि मला घेऊन नांदेडला गेलात, तुमच्या डॉक्टरांकडे. नांदेडला का, तर लातुरात जावं तर प्रत्येक डॉक्टरचं पोरगं आपल्याच क्लासला. तुम्ही वर्षानुवर्षं एस्टीनं नांदेडला जात होता आणि क्लासमध्ये सांगायचात, बहिणीकडे चाललेय. स्टाफ चेष्टा करायचा, बाईंची बहीण लई लाडाची दिसते. तुम्हीही हसायचात. मला बहिणीचं कळल्यानंतर ती चेष्टा ऐकवत नव्हती, मी उठून बाहेर जायचे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काही दिवस येऊन बोलत जा म्हणाले, आणि चहा कमी करायला सांगितला. परतीच्या एस्टीत तुम्ही मला दम दिलात, गोळी आपल्या मनानं सुरू करायची नाही आणि आपल्या मनानं बंदही करायची नाही. चहाचं मात्र अवघड गेलं. आपल्याकडे दर तासाला चहा. तुम्ही बंद केलात तेव्हा चहावाला रुसला होता म्हणे, मी बंद केल्यावर त्यानं मला सरळच विचारलं, 'तुम्हाला बी बाईचं वारं लागलं का?' हाव म्हणाले. खरंच होतं ते.

आपला वाद एकाच गोष्टीवरून व्हायचा. परीक्षा जवळ आली की हॉलमधली एखादी पोरगी, एखादा पोरगा, हातपाय गार पडून खाली बसायचा. श्वास लागायचा. ऑफिसातून घरी फोन जायचा, 'ऊन लागलंय, येऊन घेऊन जा.' गेलेलं लेकरू बहुधा परत यायचं नाही. कधी ते आधी तुमच्या नजरेस पडलं तर तुम्ही त्याला गुपचूप बोळात न्यायचात, चप्पल काढायला लावायचात, शेजारी उभ्या राहायचात. पण नंतर बाहेर विचारलं की तुम्हीही तेच सांगायचात, ऊन लागलं.

मी भांडायचे. बाई, एकदा हॉलमध्ये उभं राहून सांगा ना, की हे मलाही होतं. तुमच्या तोंडून ऐकलं तर किती लेकरांचं ओझं उतरेल. तुम्ही म्हणायचात, 'पोरांना बाई भक्कम पाहिजे. बाप लोक एवढ्या लांबून आणून ठिवतात ते काय थरथरणारी बाई बघायला?' मी म्हणायचे, भक्कमच आहात की. तुम्ही म्हणायचात, 'तू गप.' मग एक-दोन दिवस अबोला. मग तुमच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या टेबलावर यायची, म्हणजे भांडण मिटलं. मुद्दा मात्र तिथंच राहायचा.

शेवटच्या आजारात, दवाखान्यातही तोच विषय निघाला. तुम्ही पार वाळून गेला होता. आयुष्यभर ज्या छातीला तुम्ही घाबरलात ती ठणठणीत निघाली, आजार दुसऱ्याच बाजूनं आला. तुम्हीच म्हणालात, 'बघ, हार्ट एकदम चांगलं हाय म्हणे माझं. फुकट घाबरले.' मी हसले नाही. मी परत तेच काढलं, काढायला नको होतं का, कोण जाणे. म्हणाले, बाई, मी सांगू का पोरांना? तुमच्या वतीनं? तुम्ही उशीवरून मान वळवलीत. 'थरथरणारी बाई बघून कोणती पोर थांबंल, सांग मला. एक तरी सांग.' मी तोंड उघडलं आणि नर्स आली, सलाइन बदलायला. मला म्हणायचं होतं की मी थांबले की, बाई, मी थांबले ना. पण नर्सनं मला बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या पलीकडे गेला होता.

तुम्ही गेल्यावर माझं पुन्हा सुरू झालं. घरात, रिक्षात, आणि क्लासच्या गेटपाशी तर हमखास. नांदेडला फोन केला, डॉक्टर म्हणाले, जवळचं माणूस गेलंय, होणार, या भेटायला. तेवढ्यात संचालकांनी बोलावलं. नवीन जीवशास्त्राचा मास्तर मिळेपर्यंत विमलबाईंच्या तासाला मोठ्या हॉलमध्ये फिजिक्सची उजळणी तुम्ही घ्या, म्हणाले. मी हो म्हणाले आणि घरी येऊन नोकरी सोडायचा अर्ज मनातल्या मनात लिहिला. कंधारला शाळेत जाईन, छोट्या वर्गात शिकवीन, असं ठरवलं. तुमचा हॉल, तुमचा तास, आणि मी एकटी. नाही जमणार मला, वाटलं.

तरी काल गेले. का गेले ते अजून नीट सांगता येत नाही. हॉलच्या दाराशी पोचले तर चपलांचा ढीग. बाई, तुम्ही नव्हता तरी सगळ्यांनी काढल्या होत्या. मी त्यात माझी टाकली. आत शिपायानं सवयीनं टेबलावर पेला भरून ठेवला होता.

उजळणी सुरू केली. काही वेळ बरा गेला. मग बोटांना मुंग्या. छाती. मागची भिंत लांब चालली. मी टेबल धरलं आणि पेल्याकडे बघितलं, आणि पाणी हलत होतं. माझा जीवच गेला, बाई. पाणी खरंच हलत होतं, काठावरून सांडत होतं. पोरांना बाहेर काढू का? ओरडू का? तुम्ही सांगितलेलं सगळं डोक्यात आलं आणि मग दिसलं, मी टेबल इतकं घट्ट धरलं होतं की तेच थरथरत होतं. हात उचलला. पाणी डुचमळलं, आणि थांबलं. पायाखाली फरशी गार होती. जमीन जाग्यावर होती.

आणि मग मी बोलले. तुम्हाला न विचारता. विचारायला तुम्ही होता कुठं?

'पोरांनो, थोडं थांबा,' माइकवर म्हणाले. माझा आवाज कापत होता, मी तो लपवला नाही. 'मला आत्ता पॅनिक अटॅक येऊन राहिला. घाबरू नका, ऊन लागलेलं न्हाई आणि मी मरतही न्हाई. थोड्या वेळानं उतरतो. तोवर आपण सगळे पाय जमिनीला टेकवू आणि श्वास हळू सोडू. हे मला विमलबाईंनी शिकवलंय. त्यांनाही व्हायचा. म्हणून त्या चप्पल काढायच्या. दुसरं काही कारण नव्हतं.'

बाकांखालून पाय टेकल्याचा आवाज आला, सगळ्यांचा मिळून. पंख्यांची घरघर तेवढी चालू होती. एवढी पोरं माझ्याबरोबर श्वास सोडत होती आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून थरथरत होते, उघडपणे. कुणी हसलं नाही. उतरलं ते. मी खडू उचलला आणि उजळणी पुरी केली.

तास सुटल्यावर एक पोरगी पायरीवर बसून होती. उमरीची, मागच्या बाकावर बसते, कधी तोंड उघडत नाही. शेजारी तिची ट्रंक. हॉस्टेल सोडून निघाली होती, संध्याकाळी बाप न्यायला येणार होता. शेवटचा तास म्हणून आली होती फक्त. मला म्हणाली, 'मॅडम, बाईंना रोज व्हायचं का?'

'रोज नसंल. पण लई वेळा.'

'शेवटी शेवटी शिकवायच्या तेव्हा बी?'

'तेव्हा तर नक्की.'

ती दाराकडे बघत राहिली. तिचे पाय फरशीवर होते, बोटं पसरलेली. 'आम्हाला तर कधी कळलंच न्हाई,' म्हणाली. मग स्वतःशीच बोलावं तशी, 'तरी शिकवायच्या त्या.'

हाव, म्हणाले मी. मग तिला नांदेडच्या डॉक्टरांचं सांगितलं, म्हणाले, मी जाणारच आहे, चल माझ्याबरोबर.

तिनं माझा फोन मागितला. 'पप्पा, येऊ नका आज. न्हाई, काही झालं न्हाई. म्हंजी झालं, पण येऊ नका. एका मॅडमसोबत दवाखान्यात जाऊन येणार हाय मी, मग सांगते सगळं.' फोन मला दिला, ट्रंक उचलली आणि ढिगात आपली चप्पल शोधायला लागली. मीही माझी शोधत होते.

पेटीचं काम सुताराकडे दिलंय. संचालकांना मी अजून काही बोलले नाही. ठेवू देत चपला काचेत, पोरांना आता त्या कशासाठी निघायच्या ते माहीत आहे. तुम्ही रागावला असाल तर रागवा, भाकरी-चटणीची वाट बघायची मला सवय आहे. पण नर्स आली म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं होतं. कोणती पोर थांबंल, एक तरी सांग, म्हणाला होतात.

उमरीची थांबली, बाई.